पुस्तक कुणाच्या हातात होतं

शनिवार, ७ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. फोन असताना ही पत्र कशाला लिहितेय, असंही भावोजींना म्हणाली असशील. अगं, फोनवर तू ‘बरं आहे’ म्हणतेस, मी ‘बरं आहे’ म्हणते आणि मग तू ‘थांब, यांना देते’ म्हणून मोकळी होतेस. भावोजी बिचारे हवापाण्याचं बोलतात. तीन वर्षं आपण हवापाण्यावर काढली. पत्र निदान एकदा तरी तुझं तुलाच वाचावं लागेल.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण शाळेचे दोन जिने अजून चढते. ह्यांनी निवृत्त झाल्यापासून गच्चीत कुंड्या मांडल्यात, आणि माझ्याशी बोलत नसतील इतकं त्यांच्याशी बोलतात. यंदा आठवीच्या दोन्ही तुकड्यांचं विज्ञान माझ्याकडे आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मध्यंतरी आम्हा शिक्षकांना दोन शनिवारचं प्रशिक्षण होतं. प्रशिक्षण म्हणजे आम्ही मागच्या बाकावर बसून वह्या तपासतो, हे तुला मी पूर्वी सांगितलंय. पण या वेळी शिकवायला आलेली मुलगी वेगळी निघाली. मुलगी म्हणजे असेल तिशीची. माणसं शिकतात कशी, याचाच तिचा अभ्यास. तिनं भाषण केलं नाही. आमच्या हातात एकेक छापील पान दिलं, मधमाश्या पोळं थंड कसं ठेवतात याचं. दाराकडच्यांनी ते तीनदा वाचायचं. खिडकीकडच्यांनी एकदाच वाचायचं, मग पान पालथं घालायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं आणि पुन्हा पान उघडून काय राहिलं ते बघायचं. मी दाराकडची. तीनदा वाचलं, अगदी पेन्सिलीनं रेघा मारून. मग ती म्हणाली, “पुढच्या शनिवारी यावर दहा प्रश्न विचारले तर किती येतील? आकडा लिहून ठेवा.”

मी नऊ लिहिला. सव्वीस वर्षं विज्ञान शिकवणारी बाई, दहा लिहायचा संकोच वाटला म्हणून नऊ.

पुढच्या शनिवारी मला चार आले. आमचे गणिताचे सर खिडकीकडे होते. त्यांनी भीत भीत पाच लिहिले होते, त्यांना सात आले. ते दिवसभर माझ्याकडे बघून मिशीत हसत होते.

मी त्या मुलीला गाठलं. म्हटलं, “असं कसं? मला तर सगळं येत होतं.”

ती म्हणाली, “बाई, येत नव्हतं, ओळखीचं वाटत होतं. जिन्यात रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याला तुम्ही लांबून ओळखाल. पण आत्ता त्याचा चेहरा कागदावर काढून दाखवा बरं. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. आठवायला ताण पडतो, पण त्या ताणानंच ते पक्कं होतं.”

ताई, मी घरी येऊन खरंच शेजाऱ्यांचा चेहरा काढायला बसले. चष्मा आहे की नाही, हेच आठवेना. बावीस वर्षांचा शेजार आहे.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. मी वर्गात काय करते? धडा शिकवते, पुन्हा वाचून घेते, ‘समजलं का?’ विचारते. मुलं ‘हो बाई’ म्हणतात. त्यांना ओळखीचं वाटत असणार आणि मला वाटतं त्यांना आलं. म्हणजे सव्वीस वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून एकमेकांना फसवलं की काय? म्हणून सोमवारपासून करून बघणार आहे. अ तुकडीला नेहमीसारखी उजळणी, ब तुकडीला कोरा कागद. ऑफिसातून एका बाजूला छापलेल्या जुन्या कागदांचा गठ्ठा मागून आणलाय. काय होतं ते बघू.

तुला एक विचारायचं होतं. आपण लहानपणी अभ्यास कसा करायचो गं? मला नीट आठवत नाही. तुला आठवत असलं तर दोन ओळी लिही. घाई नाही.

भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझी बहीण


रविवार, २९ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. उत्तर आलं नाही. येईलच असं धरलंही नव्हतं. तरी रोज शाळेतून आल्यावर आधी खालच्या पेटीत हात घालून बघते, एवढं कबूल करते.

कोऱ्या कागदाची हकिगत सांगते. तुला त्यात रस असो नसो, दुसऱ्या कुणाला सांगू? ह्यांना सांगितलं तर म्हणतात, “उद्या शाळेतच सांग ना.”

पहिल्या आठवड्यात पचनाचा धडा घेतला. अ तुकडीनं दोनदा वाचला, ब तुकडीनं एकदा वाचून कागदावर उतरवला. ब मधली पोरं पेन चावत बसली होती. एक म्हणाला, “बाई, वाचताना सगळं होतं, आता कुठं गेलं?” मी म्हटलं, “तेच तर मलाही बघायचंय.” आठवड्यानं दोन्ही तुकड्यांना तेच दहा प्रश्न दिले. अ तुकडीची सरासरी साडेचार, ब ची साडेसहा. आणि गंमत अशी, की आपल्याला किती येईल हे आधी लिहून घेतलं होतं, त्यात अ तुकडी आठ-नऊच्या खाली उतरायला तयार नव्हती. अगदी मीच बसले होते चाळीस बाकांवर.

मला एवढा आनंद झाला की मी लगेच माती खाल्ली.

म्हणजे झालं काय, मी अ तुकडीलाही कोरा कागद सुरू केला, तो रोज, आणि वर रोज गुण द्यायला लागले. म्हटलं, गुणांशिवाय पोरं मनावर घेत नाहीत. तिसऱ्या दिवशी कागद एकमेकांच्या कोपराखालून फिरायला लागले. एकाला तास सुरू झाला की हमखास पोटात दुखायचं. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं लागोपाठ चार दिवस नुसतं नाव लिहून कागद दिला. पाचव्या दिवशी नावही नाही. मी ओरडले नाही, पण ‘एवढंही येत नाही?’ असं बघितलं. मला तसं बघता येतं, तुला ठाऊक आहे.

मग तिची आई आली. कामावरून थेट आली होती, हातात डबा होता. म्हणाली, “बाई, तुम्ही शिकवायचं सोडून रोज परीक्षाच घेता म्हणे. माझी मुलगी सकाळी उठत नाही आता.” मला आधी राग आला, मग मी तिला बसायला खुर्ची दिली. मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, “तुमचं संशोधन मला कळत नाही. सहामाहीपर्यंत बघते. निकाल घसरला तर बंद. आणि पालकांच्या तक्रारी मला नकोत.” बाहेर गणिताचे सर उभे होतेच. “पोरं म्हणजे उंदीर नव्हेत, बाई,” असं म्हणून गेले. खिडकीकडे बसून सात आले तेव्हा उंदीर आठवले नव्हते त्यांना.

मी त्या मुलीला, प्रशिक्षणातल्या, सगळं लिहून कळवलं. तिचं उत्तर दोन ओळींचं: गुण काढून टाका, आणि चुकलं तर बरोबर काय ते तिथल्या तिथे कळू द्या.

तेवढंच केलं. आता कागद मी बघतही नाही. पाच मिनिटं आठवून लिहायचं, मग पुस्तक उघडायचं, राहिलेलं हिरव्या पेनानं आपलं आपण भरायचं, कागद आपल्याजवळ ठेवायचा. आजच्या धड्याबरोबर मागच्या आठवड्यातला एक आणि मागच्या महिन्यातला एक प्रश्न. पोरांनी त्याला ‘शिळं-ताजं’ नाव ठेवलंय. ज्याचा कागद जास्त हिरवा त्याला जास्त सापडलं, असं मी म्हणाले, आणि आता काही जण हिरवा रंग मिरवतात. त्या मागच्या रांगेतल्या मुलीनं काल तीन ओळी लिहिल्या. मी तिच्या बाकाशी थांबले नाही, पुढे गेले. थांबावंसं फार वाटलं.

मला वाटायचं मी चांगली शिक्षिका आहे. तसा कागदही मिळालाय मला चौकटीत घालून. आता तास संपला की वाटतं, मी फक्त चांगली बोलते.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या कार्यक्रमाविषयी या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणून नाही लिहीत.

शेजाऱ्यांना चष्मा आहे. मुद्दाम बघून घेतलं.

तुझी बहीण


रविवार, २० ऑक्टोबर

ताई,

गेल्या दोन पत्रांत नमस्कार-चमत्कार झाले. आज सरळ सांगते, नाहीतर पुन्हा गणिताच्या सरांच्या मिशीवर घसरेन.

आमच्या ब तुकडीत दोन मैत्रिणी आहेत. एक उंच, तिला सगळे शिडी म्हणतात. दुसरी तिच्या खांद्याला लागते, तिचं नाव चिमटी. मधल्या सुट्टीत मागच्या जिन्यावर बसतात. चिमटी पहिल्या पाचात असते. शिडी कशीबशी पास होते. कोऱ्या कागदावर तर शिडीचं पानभर हिरवंच, बाकाजवळून जाता-येता दिसायचं. मला वाटायचं, मुलगी लक्ष देत नसणार.

सहामाहीच्या आधीच्या आठवड्यात मी वरून उतरत होते. खालच्या पायऱ्यांवर दोघी बसल्या होत्या. पुस्तक शिडीच्या मांडीवर उघडं. ती विचारतेय, “उष्णता संक्रमणाचे तीन प्रकार?” चिमटी डोळे मिटून सांगतेय. एक राहिला. शिडी म्हणतेय, “आठव, आठव, मी नाही सांगणार,” आणि चिमटी डोकं धरून बसलीय. मग तिला आठवलं. शिडी किती खूश झाली म्हणून सांगू. जणू तिचं स्वतःचंच आलं.

मी तिथेच उभी राहिले. गुडघा दुखत होता म्हणून नव्हे.

मी शिडीला विचारलं, “तू रोज विचारतेस हिला?”

“हो बाई. रोज.”

“आणि तुला कोण विचारतं?”

ती हसली. “मला कशाला विचारायचं, बाई? पुस्तक माझ्याच हातात असतं. मला सगळं येतं.” मग खाली बघत म्हणाली, “पेपरात काय होतं ते माहीत नाही. माझं डोकंच तसं आहे. घरी पण म्हणतात.”

ताई, पहिल्या पत्रात मी तुला विचारलं की आपण अभ्यास कसा करायचो, आणि लिहिलं की मला नीट आठवत नाही. ते खोटं होतं. मधमाश्यांचं पान हातात होतं तेव्हाच मला आठवलं होतं. म्हणून तर प्रशिक्षणानंतर चार दिवस मला अन्न गोड लागत नव्हतं.

काविळीनं तुझं वर्ष गेलं आणि दीड वर्षानं मोठी असून तू माझ्याच वर्गात आलीस. आप्पा छापखान्यातून दमून यायचे. त्यांनी दोघींत पुस्तकांचा एकच संच आणला. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तू बसायचीस, पुस्तक मांडीवर. मी समोर भांड्यांच्या फळीला टेकून. तू विचारायचीस, मी सांगायची. चुकलं की तू म्हणायचीस, “पुन्हा आठव,” आणि आठवेपर्यंत सोडायची नाहीस. दोन वर्षं. काल शिकवलेलं आज विचारायचीस, मागच्या महिन्यातलंही मध्येच विचारायचीस, मला पकडायला. आज ते सगळं प्रशिक्षणातल्या त्या मुलीच्या तक्त्यांवर मोठमोठ्या नावांनी छापलेलं आहे. मला ते मिळालं चौदाव्या वर्षी, घरात, तुझ्याकडून.

तू म्हणायचीस, “आता तू मला विचार.” आणि मी म्हणायची, “तुला तर येतंच की, पुस्तक तुझ्याच हातात आहे.” आणि दोरीवरच्या उड्या मारायला पळायची.

इथवर लिहिणं सोपं होतं. इथवरचं म्हणजे पोरवय, कळत नव्हतं, असं म्हणून सुटता येतं.

पण मी तुला एक दिवस विचारलं होतं. दहावीच्या परीक्षेआधी दीडेक महिना असेल. तूच पुस्तक माझ्या हातात कोंबलंस. मी प्रश्न विचारला आणि तू अडखळलीस. पुढचा विचारला, तोही अर्धाच आला. ज्या धड्यातलं तू मला चार-चार वेळा विचारलं होतंस, तोच धडा. तुझा चेहरा पडला. आणि ताई, मला बरं वाटलं. तू मोठी, तू सगळ्यात पुढे, तुझी वेणी लांब, आणि मला येतंय ते तुला येत नाही. त्या दिवशी मला दिसलं होतं की काहीतरी चुकतंय. नाव माहीत नव्हतं, पण दिसलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक तुझ्या मांडीवर परत दिलं, आणि म्हटलं, “विचार.”

निकाल लागला. मी पहिल्या वर्गात, तू तीन विषयांत गेलीस. आप्पा म्हणाले, “एकीला डोकं दिलंय, एकीला हात.” ते वाईट मनानं म्हणाले नाहीत. पण त्यांच्या त्या एका वाक्यावर मी कॉलेजात गेले आणि तू शिवणाच्या कारखान्यात. मी तेव्हाही गप्प बसले.

आणि मग तीन वर्षांपूर्वीचा तो सत्कार. तू तिसऱ्या रांगेत होतीस. सूत्रसंचालन करणारीनं विचारलं, “तुमच्या यशामागे कोण?” आणि मी म्हणाले, “घरात अभ्यास घेणारं कुणी नव्हतं हो. वडील दिवसभर कामावर. मी एकटीनं, आपल्या डोक्यानं शिकले.” टाळ्या पडल्या. मी खाली बघितलं तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती. नंतर मी भावोजींना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तिचं डोकं दुखत होतं. मी ते खरं मानलं, कारण मला मानायचं होतं.

मी मुद्दाम खोटं बोलायचं म्हणून तसं बोलले नाही. ते वाईट असतं पण निदान साधं असतं. मला खरंच तसं वाटत होतं. इतकी वर्षं घोकलं की कुठलीही गोष्ट खरी वाटते.

सहामाही झाली. दोन्ही तुकड्या जरा वर आल्या, चमत्कार काही नाही. परीक्षेआधी सहा दिवस मी शिडी-चिमटीची अदलाबदल करवली. पुस्तक चिमटीच्या हातात. पहिले दोन दिवस शिडी रडली. तिला कळेना की येतं ते येत का नाही. चिमटी मला येऊन म्हणाली, “बाई, तिला वाईट वाटतं, मी सांगून टाकू का उत्तर?” मी म्हटलं, “जरा थांबून सांग. पण जरा थांब.” सहा दिवसांत काय मोठं होणार? शिडीला नेहमीपेक्षा अकरा गुण जास्त पडले. ती कागद घेऊन आली आणि मला म्हणाली, “म्हणजे माझं डोकं ठीक आहे?”

मी हो म्हणाले. मग शिक्षकांच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मोठ्या बाईंनी कोरा कागद चालू ठेवायला परवानगी दिली आहे. पण म्हणाल्या, पालकांना काय ते तुम्हीच समजवा. नोव्हेंबरच्या सोळा तारखेला पालकसभा आहे. तिथं काय बोलायचं ते अजून ठरत नाही. आकडे सांगितले तर पालक जांभया देतील.

माफ कर, असं लिहून हे पाकीट बंद केलं तर तुझ्यावर उत्तराचं ओझं टाकल्यासारखं होईल. म्हणून ते लिहीत नाही. जे झालं ते तुला माहीत असावं, आणि मला माहीत आहे हेही तुला माहीत असावं, एवढंच.

बारकी


रविवार, ३ नोव्हेंबर

बारके,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. पहिली दोन मी ह्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतली, हाताला काम होतं. तिसरं स्वतः वाचलं. दोनदा. तुझ्या त्या प्रशिक्षणातल्या मुलीच्या हिशेबानं दोनदा वाचून उपयोग नसतो, तरी वाचलं.

मला तुझ्यासारखं लांबलचक लिहिता येत नाही. सुचेल तसं लिहिते.

तू विचारलंस तो दिवस मला आठवतो. हृदयाचा धडा होता. तू हसलीस ते मला दिसलं होतं. तोंडानं नव्हतीस हसली, पण मी तुझी वेणी घालायचे लहानपणी, मला तुझं तोंड कळतं. मला इतकी लाज वाटली की त्यानंतर तीन दिवस भांडी घासताना मी तो धडा मनात म्हणत होते. अंगातलं रक्त उजव्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून उजव्या खालच्या, तिथून फुप्फुसात. तिथं स्वच्छ होऊन डाव्या वरच्या कप्प्यात, मग डाव्या खालच्या, आणि तिथून सगळ्या अंगाला. कुठेही न बघता लिहिलंय. बाकी सगळी दहावी पुसली गेली, हा एक धडा राहिला. परीक्षेत तेवढाच प्रश्न मी पुरा सोडवला होता. मला वाटायचं, हा धडा सोपा असेल.

मग मी तुला ‘पुन्हा विचार’ असं का म्हटलं नाही? हे तू लिहिलं नाहीस, मी लिहिते. पुस्तक हातात असलं की मी हुशार असायचे. तुझी चूक काढायचे. काविळीनं मागे पडलेल्या मुलीला दिवसातला तेवढाच वेळ मोठं वाटायचं. ते पुस्तक मला सोडवत नव्हतं. तेव्हा सगळं खापर आपल्या डोक्यावर फोडून घेऊ नकोस. तिथंही पहिला नंबर काढायचा असतो तुला.

पण दुसरं सांगते. आप्पांचं ते वाक्य मी खरं धरून चालले. माझी लेक चौथीत होती तेव्हा पाढे विचार म्हणून मागे लागायची. मी म्हणायचे, बाबांकडे जा, मला नाही कळत. तिला माझं डोकं लागेल अशी भीती होती मला. अभ्यासाला म्हणून तिच्या शेजारी कधी बसले नाही. ती शिकली, चांगली शिकली, पण परवा तुझं पत्र वाचून झाल्यावर मी तिला फोन केला आणि हे सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटायचं तुला कंटाळा येतो माझा.” तीस वर्षांची आहे ती आता. हे मला त्या सत्काराहून जास्त लागलं.

सत्काराचंही लिहिते. तू हुशार आहेस, असं मी चार लोकांना नेहमी सांगते. त्याचा मला कधी त्रास झाला नाही. ‘एकटीनं’ म्हणालीस, त्याचा झाला. डोकं खरंच दुखत होतं, पण बाहेर आल्यावर.

आता तुझ्या त्या प्रशिक्षणातल्या मुलीला एक निरोप दे. आमच्या कारखान्यात मी वीस वर्षं नवीन बायकांना शर्टाची कॉलर शिकवते. पहिल्या दिवशी नमुन्याचा शर्ट समोर ठेवते. सगळ्या बघून बघून झकास शिवतात. दुसऱ्या दिवशी नमुना कपाटात टाकते आणि कुलूप लावते. मग शिव्या खाते. कॉलर वाकडी येते, मी ओरडत नाही, म्हणते उसव आणि बघ कुठे चुकलीस, आणि पुन्हा घाल टीप. मध्येच कफ देते, मग परत कॉलर. आठवड्यानं हात बसतो, तो जन्मभर जात नाही. नमुना समोर ठेवून शिकलेल्या बायका दुसऱ्या पर्यवेक्षिकेच्या टेबलावर आहेत, त्या अजून नमुना मागतात. हे मला कुणी शिकवलं नाही. काखेत कळसा आणि तुम्ही सगळे गावाला वळसा.

सध्या माझ्याकडे एक चाळिशीची बाई आलीय. तीन आठवडे झाले, कॉलर येत नाही. बाकीच्या तिला मठ्ठ म्हणतात. मी तिला गेल्या सोमवारी काज-बटणाच्या टेबलावर पाठवणार होते. त्याआधी शनिवारी तुझं पत्र आलं. सोमवारी मी तिला विचारलं, “रात्री घरी गेल्यावर मनात शिवून बघतेस का गं? पहिली टीप कुठे, दुसरी कुठे?” ती म्हणाली, “मला कोण विचारतं, ताई?” आता रोज जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारते. तिची कॉलर अजून वाकडीच आहे, खोटं कशाला सांगू. पण काल कुठे वाकडी झाली ते मी दाखवायच्या आधी तिनं दाखवलं.

सोळा तारखेच्या पालकसभेत आकडे सांगू नकोस. दोन बहिणी आणि एक पुस्तक, एवढंच सांग. पुस्तक कुणाच्या हातात होतं आणि उत्तरं कोण देत होतं ते सांग. कोण पास झालं ते सांग. आणि नंतर धाकटीनं काय सांगितलं लोकांना, तेही सांग. गाळू नकोस, मी ऐकायला येणार आहे. सुट्टी टाकली आहे. हे पण येतायत, त्यांना तुझ्या ह्यांच्या कुंड्या बघायच्या आहेत म्हणे.

राग गेला का, असं तू विचारलं नाहीस, ते बरं केलंस. सगळा गेला असं लिहिलं तर खोटं होईल. पण तीन वर्षं तो सांभाळून मी दमले होते, आणि तुझी पत्रं यायला लागल्यापासून पुढच्या पत्राची वाट बघत होते. कोऱ्या कागदाचं पुढे काय झालं, याची. त्या मागच्या रांगेतल्या मुलीचं पुढे काय झालं, ते तू तिसऱ्या पत्रात लिहायला विसरलीस. ते आल्यावर सांग. शिडीलाही बघायचंय मला. तिला म्हणावं, रडू आलं तरी पुस्तक परत मागू नकोस.

गुडघ्याला शेक दे.

तुझी पहिली बाई,
ताई